सिंहगडाचा कडा आणि नाथमाधवांची लेखणी

कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराला आरंभ झाला. ठाणे-डोंबिवलीच्या आजच्या मुलांना हा काळ पाठ्यपुस्तकाच्या काही ओळींत भेटतो. त्यांच्या आजोबांना तो ग्रंथालयातून आणलेल्या जाडजूड कादंबऱ्यांतून भेटत असे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. कुमारवयीन वाचकांना अशा कपाटांकडे ओढणाऱ्या लेखकांत नाथमाधवांचे नाव अग्रभागी येते.

द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे मूळ नाव. जन्म 1882, मुंबईचा. शिक्षण बेताचे, कुलाब्याच्या तोफांच्या सरकारी कारखान्यात नोकरी. शिकारीचा नाद मात्र मोठा. अहिंसा मानणाऱ्या घरात हे वाचताना मन कचरते, पण चरित्र आहे तसेच सांगावे लागते. 1905 मध्ये सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वयाची पंचविशीही तेव्हा उलटली नव्हती.

रुग्णशय्येवर त्यांनी वाचनाचा आश्रय घेतला आणि वाचनातून लेखन उगवले. 1908 मध्ये ‘प्रेमवेडा’, पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’, 1913 मध्ये अद्भुतरम्य ‘वीरधवल’. पुढे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी शिवकालाची मालिकाच त्यांनी उभी केली. ज्याला पुन्हा गड चढणे शक्य नव्हते, त्याने हजारो मुलांना गडांवर नेले.

या कादंबऱ्यांत दोष नाहीत असे नाही. योगायोग फार, सज्जन-दुर्जनांची विभागणी ढोबळ, संभाषणे लांबलचक. कल्पित पात्रे खऱ्या व्यक्तींच्या खांद्याला खांदा लावून वावरतात. म्हणून शिवकाल पाहिलेल्या सभासदाची बखर जोडीला ठेवावी आणि मुलांनाच दोन्ही ताडून पाहू द्यावे. पण प्रकरण संपताच पुढचे उघडायला लावणारी त्यांची हातोटी आजही ओसरलेली नाही.

1928 मध्ये, 46 व्या वर्षी, नाथमाधव निवर्तले. स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली असल्याने त्यांची पुस्तके आता कोणालाही छापता येतात. मोठा टाइप, कठीण शब्दांचे अर्थ आणि गडांचे नकाशे यांसह एखादी किशोर-आवृत्ती काढण्यास मानधनाचा प्रश्न नाही. लागेल तो कागद, छपाई आणि एका जाणत्या संपादकाचे काही महिने.