विहीर मचूळ का होते? उत्तर शेजाऱ्यांच्या सरासरीत

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागपासून आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला जो अंश वाळूत आणि खालच्या कातळाच्या भेगांत मुरतो, त्यावर विहिरी चालतात. पूर्वी रहाट होते, आता पंप आले. उपसा फार झाला की किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. मग किती उपसा चालेल, हे जमीन न खणता कसे सांगता येईल?

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे १.०२५ पट जड असते. म्हणून जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन यांनी व १९०१ मध्ये हर्झबर्ग यांनी याचा हिशेब मांडला: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर जातो.

आता ही पातळी काढायची. वाळूतून पाणी पातळीच्या उताराच्या प्रमाणात वाहते, हे फ्रान्समधील दार्सी यांनी १८५६ मध्ये दाखवले. जमीन सर्वत्र सारखी आणि प्रवाह स्थिर मानला, तर यातून एक सोपा नियम मिळतो: प्रत्येक ठिकाणची पातळी ही शेजारच्या पातळ्यांची सरासरी असते.

वहीत एका रेषेवर समान अंतरावर चार बिंदू घेऊ: समुद्र (० मीटर), विहीर अ, विहीर ब आणि डोंगराचा पायथा (३ मीटर). अ आणि ब आरंभी शून्य धरू. सरासरीने ब = १.५, मग अ = ०.७५, पुन्हा ब = १.८८, अ = ०.९४. असे करत गेलो की अ १ वर आणि ब २ वर स्थिरावते.

आता अ वर पंप बसवू. उपशापोटी तिथल्या सरासरीतून दर वेळी ०.६ मीटर वजा करू. या वेळी अ ०.२ वर व ब १.६ वर थांबते. म्हणजे अ खालचा गोडा थर ४० मीटरवरून ८ मीटरवर आला! शिवाय, पंप नसलेल्या ब विहिरीचे पाणीही ४० सेंटीमीटर उतरले. वजाबाकी ०.७५ केली, तर अ शून्यावर येते; गोडे पाणी उरतच नाही.

प्रत्यक्षात कातळाच्या भेगा सारख्या नसतात, पाऊसही ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून संगणकावर हजारो चौकोनांची किंवा त्रिकोणांची जाळी आखतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याची 'मॉडफ्लो' ही १९८४ पासूनची आज्ञावली चौकोनांवर चालते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. टी. आय. एल्डो व सहकाऱ्यांनी जाळी न आखता नुसत्या बिंदूंवरून भूजलाचे गणित करण्याच्या पद्धतींवर काम केले आहे.

परंतु संगणकाला खरी पातळी पुरवावी लागते. दोरी, वजन आणि मोजपट्टी घेऊन विद्यार्थ्यांनी गावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला नोंदवली, तर ती सुरुवात शाळेतूनच होऊ शकते.