एमएच १० च्या पुढची दोन अक्षरे

माझी आठवीत शिकणारी नात सुट्टीत सांगलीस आली, की सकाळी आम्ही दोघे मार्केट यार्डाच्या रस्त्याने फिरावयास जातो. हळदीची आणि गुळाची वाहने त्या वेळी रांगेने उभी असतात. गेल्या मे महिन्यात तिने एक खेळ काढला. वाहनाच्या पाटीवर एमएच १० नंतर जी दोन इंग्रजी अक्षरे असतील, ती त्याच क्रमाने आणि एकमेकांस लागून ज्यात येतात, असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधावयाचा. फोन घरीच ठेवावयाचा, हा तिचा नियम. शब्दाचा अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे, ही अट माझी.

ही अट घालण्यास कारण होते. इंग्रजी कोशातील सर्वांत लांब शब्द म्हणून पंचेचाळीस अक्षरांचे एका फुप्फुसरोगाचे नाव मुले तोंडपाठ म्हणून दाखवितात. ज्वालामुखीची बारीक धूळ श्वासातून गेल्याने होणारा रोग, असा त्याचा अर्थ. परंतु तो शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतील कोडेप्रेमी मंडळींच्या संस्थेच्या अध्यक्षांनी केवळ लांबीसाठी घडविला. मार्चअखेरीस ठेवींचा आकडा फुगविण्यासाठी दोन दिवसांपुरती रक्कम जमा करून घ्यावी, तसलाच हा प्रकार. असली खाती मी चाकरीत असतानाही मनापासून मोजली नाहीत.

पहिल्या वाहनावर बी आणि टी ही अक्षरे होती. माझ्या तोंडून लगेच ऋण या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द आला : डी, ई, बी, टी. चारच अक्षरे म्हणून नातीने नाक मुरडले. पण त्यातील बी उच्चारात का नाही, हे तिला ठाऊक नव्हते. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे विद्वानांना त्याचे लॅटिन मूळ ‘डेबिटम’ लेखनात दिसावे असे वाटले आणि त्यांनी बी आत बसविला. लोकांची जीभ मात्र बदलली नाही. आपल्या खतावणीतील ‘डेबिट’ त्याच मुळाचे. देवनागरीत हा शब्द लिहिताना बी पुन्हा नाहीसा होतो, याची मौज वाटते.

मग मी त्यास मागेपुढे जोड देत गेलो. ‘डेटर’, म्हणजे ऋणको, सहा अक्षरे. ‘इनडेटेडनेस’, म्हणजे कर्जबाजारीपणा, बारा अक्षरे. कर्ज विभागात हयात गेलेल्या माणसास हा शब्द न सुचता तरच नवल. मी विजयी मुद्रेने पुढे चालू लागलो.

नात गप्प होती. तिने निराळी वाट धरली होती, आणि खरे सांगावयाचे तर तीच अधिक शास्त्रीय होती. दोन अवघड व्यंजने लागून आली, की बहुधा तेथे दोन तुकड्यांचा सांधा असतो. म्हणून शब्द न आठवता सांधा शोधावा. ‘सब’ हा उपसर्ग बी ने संपतो. त्यापुढे टी ने सुरू होणारा तुकडा ठेवला, की वजाबाकी या अर्थाचा ‘सबट्रॅक्शन’ मिळतो, अकरा अक्षरांचा. भूमिगत या अर्थाचा ‘सबटरेनियन’ मिळतो, बारा अक्षरांचा. येथे आमची बरोबरी झाली. दुसरा तसलाच उपसर्ग ‘ऑब’. चहाच्या गाड्यापाशी ती एकदम थांबली आणि म्हणाली, “आजोबा, अनऑब्ट्रूझिव्हनेस! मोजा तुम्ही.” मी बोटांवर मोजली. पंधरा भरली.

“अर्थ?” मी विचारले.

“कोणाच्या लक्षात येऊ न देता असणे. पण मराठीत एक शब्द काय म्हणायचा, तुम्हीच सांगा.”

मला शब्द सापडेना. शब्दाऐवजी माझे वडील, आमचे आण्णा, डोळ्यांपुढे उभे राहिले.

१९८१ मध्ये एका बँकेत मी मुलाखतीस गेलो होतो. बी.कॉम. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला, मराठी माध्यमातला मुलगा. हस्ताक्षरात केलेल्या अर्जात मी ‘बुककीपिंग’ या विषयाचे स्पेलिंग एकच के घालून लिहिले होते. समोरच्या साहेबांनी त्याभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले, कागद शेजाऱ्याकडे सरकविला आणि दोघे हसले. पुढचे प्रश्न मला नीट ऐकूही आले नाहीत. घरी येऊन मी आण्णांना सांगितले, की जागाच थोड्या होत्या. आण्णांचे गुळाच्या अडतीचे दुकान. मोडी झरझर वाचणारे, पण इंग्रजीचे एक अक्षर न येणारे. ते “बरं,” एवढेच म्हणाले. दोन दिवसांनी माझ्या मेजावर एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आढळला. कोणी ठेवला, हे आईसही ठाऊक नव्हते. मला वाटले, थोरल्या काकांनी दिला असेल. त्याच कोशावर मी पुढची परीक्षा दिली, दुसऱ्या बँकेत लागलो, नंतर एम.कॉम. झालो.

आण्णा गेल्यावर दुकानाचे जुने रोजमेळ चाळताना मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीचे पान उघडले. हमाली, तोलाई आणि सुतळी यांच्याखाली एक ओळ होती : पुस्तक जुने, रुपये बारा. माझे नाव नव्हते. ते घरखर्चातही लिहिले नव्हते. दुकानाच्या किरकोळ खर्चात घातले होते. त्यांना काय कळले होते, कसे कळले होते, हे विचारण्याची वेळ निघून गेली होती.

हे सारे मी नातीस त्या गाड्यापाशी सांगितले. जागा थोड्या होत्या ही थाप मारल्याचे तर मी तिच्या आजीसही कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, “मग तो मुद्दा मला द्या. आणि बुककीपिंगमध्ये दोन के का, ते आता सांगा.” तोही सांधाच. ‘बुक’ के ने संपतो, ‘कीप’ के ने सुरू होतो, आणि कोणीच आपला के सोडीत नाही. ‘बुककीपर’ या शब्दात तर दोन ओ, दोन के आणि दोन ई अशा तीन जोड्या ओळीने येतात. नित्याच्या वापरातला असा दुसरा इंग्रजी शब्द नाही, असे शब्दकोड्यांचे जाणकार सांगतात. मी ज्यात अडखळलो, तो शब्द इतका नामांकित होता, हे कळण्यास मला पुष्कळ वर्षे लागली.

परतताना तिने दुकानांच्या पाट्या वाचण्यास सुरुवात केली. ‘प्रोप्रायटर’ हा आपल्या प्रत्येक पेढीवरचा शब्द दहा अक्षरांचा असून टाइपरायटरच्या अक्षरांच्या केवळ वरच्या ओळीत पुरा होतो. ‘टाइपरायटर’ हा शब्दही तसाच, आणि तोही दहाच अक्षरांचा. एकही अक्षर दुसऱ्यांदा न येणारे पंधरा अक्षरी शब्दही आहेत. त्यांपैकी ‘डर्मेटोग्लिफिक्स’ म्हणजे बोटांच्या ठशांचे शास्त्र. अंगठा उठविणारे किती खातेदार मी पाहिले, पण हा शब्द निवृत्तीनंतरच कानी पडला.

नात आता पुण्यास गेली आहे. रविवारी ती फोनवर अक्षरे कळविते. या वेळी तिने डी आणि क्यू दिली आहेत. वाचकांनीही घरी मुलांबरोबर प्रयत्न करून पाहावा. बारा अक्षरांचा एक शब्द मजजवळ आहे. छत्तीस वर्षे रोजच्या टपालात मी तो पाहिला, आणि बदलीचा हुकूम नेहमी तेथूनच येत असे.