उलट्या पावसात रेडिओ

वैशाखरे गावातून भर पावसाळ्यात नाणेघाट चढलेला माणूस एक गोष्ट विसरत नाही: इथे पाणी खालूनही येतं. कड्यावरून कोसळणारा धबधबा वारा उचलतो आणि परत माथ्यावर भिरकावतो. परवाना घेऊन हौसेने बिनतारी संदेश देणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांना तर माथा गाठणं भागच, कारण पायथ्याशी व्हीएचएफच्या लहरींना डोंगराची भिंत आडवी येते. आणि माथ्यावर छत्री काय, वरून टाकलेलं प्लास्टिक काय, दोन्ही निकामी.

अशा पावसात नेता येईल असा संच मिळायला मात्र काळ गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला आणि हॅम मंडळी मदतीला धावली. त्या काळी रेडिओ संच बहुधा गाडीच्या बॅटरीवर चाले आणि जीपमध्ये नाहीतर ताडपत्रीखाली बसे. पाठीवर घेऊन घाट चढायचा, तर बॅटरीनेच कंबर मोडावी. 2000 च्या सुमारास याएसू कंपनीचा एफटी-817 हा संच आला, बॅटरीसकट साधारण सव्वा किलोचा. पाठोपाठ व्हीएक्स-7आर हा हातातला संच आला. तीन फूट पाण्यात अर्धा तास राहिला तरी तो शाबूत राहतो, असा कंपनीचा दावा होता. मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, फोन मुके झाले. पावसात टिकणारा संच ही चैन नव्हे, हे मुंबईला त्या दिवशी कळलं.

पुढे लिथियमच्या बॅटऱ्यांनी ओझं निम्म्यावर आणलं, हवाबंद पेट्या आल्या. पेटीचा घोळ मात्र वेगळाच. पायथ्याची दमट हवा आत कोंडली, की माथ्यावरच्या गारठ्यात तिचंच दव संचावर धरतं. म्हणून आत सिलिका जेलची पुडी हवी. तिचे निळे दाणे गुलाबी झाले, की ते तापवून सुकवायचे.

खरा कच्चा दुवा राहिला तो अँटेनाच्या केबलच्या टोकाला. पीएल-259 हा प्लग 1930 च्या दशकातला. त्याच्या आट्यांतून पाणी शिरतं आणि केबलमधली तांब्याची जाळी ते वातीसारखं ओढून घेते. त्यावर ताणून गुंडाळायची, एकजीव होणारी रबरी टेप मिळते. ती खालून वर गुंडाळावी, म्हणजे वेढे कौलांसारखे एकमेकांवर बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. संचात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा; थेंब तिथूनच गळून जातात.

यंदा जून लागण्याआधी जुन्या केबलचं टोक उघडून बघा. जाळी हिरवी-काळी पडली असेल, तर चकाकतं तांबं लागेपर्यंत कापा आणि नवा प्लग लावा.