संगणकीय दप्तराचा अभिलेखपाल कोसळतो तेव्हा

‘सर्व्हर बंद पडला आहे’ हे वाक्य आता तालुक्याच्या कचेरीत येणाऱ्या शेतकऱ्यासही पाठ झाले आहे. या चार शब्दांमागे प्रत्यक्षात काय घडलेले असते, हे ऐकणाऱ्यास क्वचितच समजते आणि सांगणाऱ्यासही ते पुष्कळदा ठाऊक नसते. वीज खंडित झालेली असू शकते, तार तुटलेली असू शकते, एखादी डिस्क निकामी झालेली असू शकते. परंतु जेथे माहिती एका यंत्रात न ठेवता अनेक यंत्रांत विभागून साठविलेली असते, तेथे आणखी एका प्रकारचा बिघाड संभवतो. त्यात माहिती सर्वच्या सर्व जागच्या जागी सुरक्षित असते; मात्र नाव सांगताच ती काढून देणारा जागेवर नसतो. जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षातील रुमाल फडताळांत जसेच्या तसे असावेत आणि अभिलेखपालच भोवळ येऊन पडावा, तशी ही स्थिती होय. बिघाडाचे हे स्वरूप ठाऊक असल्यास घबराट टळते. ठाऊक नसल्यास, मुळात न बिघडलेली माहिती दुरुस्तीच्या घाईत कायमची बिघडण्याचा धोका असतो.

विभागलेला साठा

अशा साठवण यंत्रणांपैकी ‘सेफ’ ही एक प्रमुख यंत्रणा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांच्या डॉक्टरेटच्या संशोधनातून ती उभी राहिली आणि २००६ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. इंग्रजीतील ‘सुरक्षित’ या अर्थाच्या शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही. ऑक्टोपससारख्या अनेक बाहूंच्या सागरी जीवांच्या ‘सेफॅलोपॉड’ या वर्गावरून ते घेतले आहे. ही यंत्रणा मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची संपूर्ण आज्ञावली कोणासही पाहता व वापरता येते. जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत ती २०१३ पासून वापरात आहे. भारत या संस्थेचा २०१७ पासून सहसदस्य आहे.

या यंत्रणेत प्रत्येक फाइलीचे साधारणतः ४ मेगाबाइटचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः ३ प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात. एखादे यंत्र जळाले तरी उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी पुन्हा तयार होते. प्रत्येक डिस्कवर एक स्वतंत्र सेवक-आज्ञावली पहारा करते. यांखेरीज ३ किंवा ५ अशा विषम संख्येने ‘मॉनिटर’ नेमलेले असतात. कोण जिवंत आहे आणि कोण नाही, याचा निर्णय ते बहुमताने करतात. संख्या विषम ठेवण्याचे कारण पंचायतीच्या सदस्यांस वेगळे सांगावयास नको.

आता अभिलेखपालाकडे वळता येईल. फाइलीचे नाव, ती कोणत्या फोल्डरात आहे, तिचा मालक कोण, आकार किती, ती कधी बदलली, कोणास वाचण्याची वा लिहिण्याची मुभा आहे, या माहितीविषयीच्या माहितीस मेटाडेटा म्हणतात. तो सांभाळणारा तो मेटाडेटा सर्व्हर. येथे एक बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. फाइलीतील मजकूर या सर्व्हरमधून जातच नाही. वापरणारे यंत्र त्यास नाव सांगते, तो क्रमांक व परवाना देतो आणि त्यानंतर ते यंत्र थेट डिस्कांकडे जाऊन मजकूर वाचते. तुकडा कोणत्या डिस्कवर आहे हेसुद्धा कोणास विचारावे लागत नाही, ते ठरलेल्या गणिताने काढता येते. इतकेच नव्हे, तर मेटाडेटा सर्व्हर स्वतःच्या पोटात कायमचे असे काहीच ठेवीत नाही. त्याच्या साऱ्या नोंदी त्याच डिस्कांवर, एका वेगळ्या राखीव साठ्यात असतात. त्याच्या स्मृतीत असते ती केवळ कामापुरती नक्कल.

या नोंदी दोन टप्प्यांत होतात. दुकानदारीचा हिशेब ठेवणाऱ्यास ही पद्धत नवी वाटणार नाही. घडलेला प्रत्येक बदल प्रथम घडला त्या क्रमाने एका रोजकीर्दीत उतरविला जातो आणि सवडीने तेथून ज्या त्या फोल्डरच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, नेला जातो. या रोजकीर्दीस तंत्रज्ञ ‘जर्नल’ म्हणतात. खतावणीत अद्याप न चढलेला व्यवहार फक्त रोजकीर्दीत असतो. पुढील सारे विवेचन या एका वाक्यावर अवलंबून आहे.

कोसळण्याची कारणे

मेटाडेटा सर्व्हर दर ४ सेकंदांनी मॉनिटरांकडे हजेरी लावतो. १५ सेकंद हजेरी आली नाही की तो गैरहजर ठरतो आणि राखीव सर्व्हर त्याच्या जागी उभा केला जातो. हा नवा सर्व्हर प्रथम रोजकीर्द अथपासून इतिपर्यंत वाचतो, मग जुन्या वापरकर्त्या यंत्रांना पुन्हा जोडून घेतो, त्यांच्याकडील परवाने ताडून पाहतो आणि मगच कामास लागतो. सर्व काही सुरळीत असल्यास हे स्थित्यंतर थोड्या वेळात आटोपते आणि कित्येकदा वापरणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. तक्रार उद्भवते ती राखीव सर्व्हरही कोसळतो तेव्हा.

बहुतेक वेळा कारण स्मृतीचे असते. नकलेसाठी किती स्मृती वापरावी याची मर्यादा अलीकडच्या आवृत्त्यांत मुळात ४ गिगाबाइट ठेवलेली असते. पण ही मर्यादा म्हणजे भिंत नव्हे, सूचना होय. वापर दीडपटीवर गेला की यंत्रणा इशारा देते, तरीही सर्व्हर वाढतच राहू शकतो. कारण वापरणाऱ्या यंत्रांनी घेतलेले परवाने परत केले नाहीत, तर त्या नोंदी त्यास विसरता येत नाहीत. अखेर यंत्राची सारी स्मृती संपते आणि लिनक्स ही कार्यप्रणाली, उरलेले काम वाचविण्यासाठी, सर्वांत मोठ्या खादाडास ठार करते. अशा वेळी मेटाडेटा सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत काहीच सापडत नाही. त्यास मरताना लिहावयास अवधीच मिळालेला नसतो. पुरावा असतो तो कार्यप्रणालीच्या नोंदवहीत, आणि शोध घेणारे पुष्कळदा तेथे सर्वांत शेवटी पोहोचतात.

परवाने कोण अडवून ठेवतो, हे शोधणे मोठे बोधप्रद असते. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर ‘अपडेट-डीबी’ नावाचे एक निरुपद्रवी काम ठरलेल्या वेळी आपोआप चालते. यंत्रावर कोणकोणत्या फाइली आहेत याची यादी ते करते. सामाईक साठा वगळण्याची सूचना त्यास दिली नसेल, तर जोडलेली शंभर यंत्रे एकाच सुमारास साठ्यातील एकूण एक फाइलीचे नाव विचारू लागतात. एकाच दिवशी साऱ्या गावाने सात-बाराच्या उताऱ्यासाठी एका तलाठ्यापुढे रांग लावावी, तसाच हा प्रकार. म्हणून सर्व्हर दररोज ठराविक वेळीच कोसळत असेल, तर आधी घड्याळाकडे आणि ठरलेल्या कामांच्या यादीकडे पाहावे. एकाच फोल्डरात लाखो फाइली कोंबण्याची सवयही अशीच महाग पडते.

दुसरे कारण रोजकीर्दीची लांबी. रोजकीर्दीचे खंड साधारणतः १२८ च्या आसपास राहावेत, अशी योजना असते. डिस्का मंद असतील तर खतावणी मागे पडते व खंड साठत जातात. दुपटीहून अधिक झाल्यास यंत्रणा तसा इशारा देते, पण काम चालू असल्याने तिकडे कोणी लक्ष देत नाही. पुढे काही निमित्ताने सर्व्हर बदलला की नव्या सर्व्हरपुढे ही प्रचंड वही येते. ती वाचता वाचता त्याची स्मृती फुगते, तो मारला जातो. तिसरा उठतो, त्याच पानांशी येतो आणि त्याचीही तीच गत होते. कधी तर तो मरतही नाही. वाचनात गढल्याने त्याची हजेरी चुकते आणि जिवंत असताच मॉनिटर त्यास गैरहजर ठरवून बाजूस सारतात.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. नोंदींत विसंगती आढळली, उदाहरणार्थ जी फाइल असू नये ती दिसली, तर सर्व्हर जाणूनबुजून स्वतःस थांबवितो. ‘अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे’ अशी अट आज्ञावलीत ठिकठिकाणी घातलेली असते आणि ती मोडताच पुढे चुकीची नोंद करण्यापेक्षा कोसळणे पत्करले जाते. जमा-खर्चाचा मेळ न बसल्यास वही मिटवून ठेवणारा कारकून आणि आकडे खोडून मेळ बसविणारा कारकून, यांपैकी पहिला केव्हाही बरा. नोंदी वाचताच येत नसतील, तर ते पद ‘क्षतिग्रस्त’ म्हणून जाहीर होते आणि माणसाने तशी आज्ञा दिल्याखेरीज कोणताही राखीव सर्व्हर तेथे बसत नाही.

तपासाची रीत

प्रथम पाहावयाचे ते डिस्कांकडे आणि मॉनिटरांकडे. मेटाडेटाचा साठाच डळमळीत असेल, तर सर्व्हरवर उपचार करून काही साधत नाही. ते ठीक असल्यास, एकामागून एक राखीव सर्व्हर बळी जात राहू नयेत म्हणून फाइल-प्रणालीच काही काळ थांबविण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. या थांबण्यास कचेरीत फार विरोध होतो. साहजिकच आहे, बाहेर लोक ताटकळत असतात. तथापि चालू-बंद होत राहणाऱ्या यंत्रणेचे निदान करता येत नाही.

त्यानंतर पुरावा गोळा करावा. २०१९ च्या ‘नॉटिलस’ आवृत्तीपासून प्रत्येक कोसळण्याचा पंचनामा सेफ स्वतःच जपून ठेवते. केव्हा, कोणत्या यंत्रावर, आज्ञावलीच्या कोणत्या ओळीशी, हे सारे त्यात असते. तीन वेळच्या पंचनाम्यांत तीच ती ओळ दिसल्यास अट मोडल्याचा किंवा आज्ञावलीतील दोषाचा संशय घ्यावा. पंचनामाच नसेल, तर स्मृती संपून मृत्यू आल्याचा संभव अधिक. सविस्तर नोंदी चालू करता येतात, पण त्या इतक्या फुगतात की नोंदींनीच डिस्क भरून जावयाची. म्हणून कोसळण्याचा क्षण टिपण्यापुरत्याच त्या चालू ठेवाव्यात.

स्मृतीचे दुखणे असल्यास इलाज सोपा आहे. अधिक स्मृती असलेल्या यंत्रावर सर्व्हर चालवावा, वापरकर्त्या यंत्रांना काही काळ दूर ठेवावे, हजेरीची १५ सेकंदांची सवलत वाढवावी आणि रोजकीर्द शांतपणे वाचून होऊ द्यावी. ताटकळत बसणे हाच येथे उपचार असतो. काहीच हालचाल दिसत नाही म्हणून मध्येच सर्व्हर पुन्हा चालू केला, तर वाचन पहिल्या पानापासून सुरू होते.

रोजकीर्दच खराब असल्यास मात्र हात आखडता घ्यावा लागतो. ती कोरी करणारी एक आज्ञा उपलब्ध आहे. ती काही क्षणांत कामगिरी बजावते आणि सर्व्हर पुष्कळदा लगेच उभाही राहतो. म्हणूनच वरिष्ठांच्या दूरध्वनीने गांजलेला तंत्रज्ञ तिच्याकडे ओढला जातो. पण खतावणीत न चढलेले सारे व्यवहार त्या क्षणी नाहीसे होतात. याहून वाईट म्हणजे आधीच वापरलेला फाइल-क्रमांक नव्या फाइलीस पुन्हा दिला जाण्याचा संभव असतो. एकच गट क्रमांक दोन खातेदारांच्या नावे चढावा, असा हा घोटाळा असून तो लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी, कोणाच्या तरी फाइलीत भलताच मजकूर सापडतो तेव्हा दिसतो. यास्तव क्रम ठरलेला आहे. आधी रोजकीर्दीची नक्कल दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. मग ती तपासावी. वाचता येतील तेवढ्या नोंदी खतावणीत उतरवून घ्याव्यात. हे सर्व झाल्यावरच ती कोरी करण्याचा विचार करावा. ही हत्यारे जाणकाराखेरीज कोणी वापरू नयेत, असे सेफच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच बजावलेले आहे. कचेरीच्या प्रमुखास यातील एकही आज्ञा ठाऊक असण्याची गरज नाही. ‘केव्हा सुरू होईल?’ या प्रश्नाआधी ‘नक्कल काढली का?’ एवढे त्याने विचारले, तरी पुष्कळ काम होते.

खतावणीही गेली तर

तीही वेळ येऊ शकते, आणि त्यासाठी एक तरतूद मुळातच करून ठेवलेली आहे. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या तुकड्यावर तिचे कूळ लिहिलेले असते. ती कोणत्या फोल्डरातील, तो फोल्डर कोणत्या फोल्डरातील, असे मुळापर्यंत. अभिलेख कक्षाची नोंदवही जळाली तरी प्रत्येक रुमालावरील चिठ्ठी वाचून नवी नोंदवही करता यावी, तशी ही सोय आहे. साठ्यातील सर्व तुकडे एकेक करून तपासले जातात, प्रथम आकार काढण्यासाठी व मग नावे लावण्यासाठी. अनेक यंत्रे एकाच वेळी या कामास जुंपता येतात. तरीही साठा मोठा असल्यास त्यास कित्येक दिवस लागतात. नावे लागल्यावर संपूर्ण वृक्षाची पुन्हा छाननी केली जाते.

ज्यांच्या तुकड्यावरील चिठ्ठीही वाचता येत नाही, अशा फाइली ‘हरवले-सापडले’ या अर्थाच्या एका फोल्डरात जमा होतात. तेथे त्यांना नाव नसते, केवळ क्रमांक असतो. मजकूर मात्र शाबूत असू शकतो. तो उघडून पाहणे, ही कोणत्या रुग्णाची क्ष-किरण प्रतिमा आहे किंवा कोणत्या शाळेचे हजेरीपत्रक आहे हे ओळखणे, आणि ते ज्याचे त्यास पोहोचविणे, हे काम त्या त्या विभागातील माणसांस बसून करावे लागते.