सीमेवरची प्रयोगशाळा

टेक्सासच्या पार पश्चिमेला एल पासो आहे. मध्ये रिओ ग्रांदे नदी, आणि पूल ओलांडला की मेक्सिकोतले सिउदाद हुआरेझ. ही दोन शहरे दोन देशांत असली तरी नातीगोती, कामधंदे आणि भाषा यांनी घट्ट बांधलेली आहेत. एल पासोचे विद्यापीठ सीमेच्या इतके लगत आहे की त्याच्या आवारातून हुआरेझची घरे दिसतात. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट एल पासो हे त्याचे पूर्ण नाव. बोलताना सगळे ‘यूटेप’ म्हणतात. १९१४ मध्ये खाणकामाचे शिक्षण देण्यासाठी ते सुरू झाले. ‘नॅशनल जिऑग्राफिक’मधली भूतानची छायाचित्रे पाहून तेव्हाच्या डीनच्या पत्नी कॅथलीन वॉरेल यांनी इमारती तशाच बांधाव्यात असे सुचवले. त्यामुळे वाळवंटी डोंगरांच्या कुशीत आजही भूतानी वळणाची छपरे दिसतात.

आज इथले ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, बहुतेक मेक्सिकन मुळांचे. अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. ते घरी राहतात, दुकानात किंवा हॉटेलात पाळीने काम करतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. काही जण रोज सकाळी पुलावरच्या तपासणीच्या रांगेत उभे राहून वर्गात पोचतात. अशा मुलांना संशोधनात आणायचे कसे, या प्रश्नाचे यूटेपने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते.

बहुतेक ठिकाणची रीत ठरलेली असते. प्राध्यापक वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी हेरतात आणि त्याला प्रयोगशाळेत बोलावतात. तो सुट्टीत बिनपगारी राबतो आणि पुढे पीएच.डी.ला जातो. घरखर्चाला हातभार लावणारी मुलगी या वाटेवर येतच नाही. तिची बुद्धी कुणी तपासलेलीही नसते.

१९९५ च्या सुमारास यूटेपच्या संगणकशास्त्र विभागात ॲन गेट्स, पॅट्रिशिया टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत उलटवली. ‘ॲफिनिटी रिसर्च ग्रुप’ या नावाने त्यांनी संशोधनगट उभे केले आणि त्यांत फक्त अव्वल गुणांच्या मुलांना न घेता मधल्या फळीतल्यांनाही घेतले. कामाचे पैसे दिले. ‘कमवा आणि शिका’ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातले शहाणपण समजावून सांगायला नको. प्रयोगशाळेतले तास हीच नोकरी झाली, की दुकानातली पाळी सोडता येते.

पण पैसे ही फक्त सुरुवात होती. एरवी संशोधकाला ‘आपोआप येतात’ अशी समजली जाणारी कौशल्ये इथे मुद्दाम शिकवली जातात. शोधनिबंध कसा वाचायचा, सारांश कसा लिहायचा, सोबत्याच्या कामातली चूक त्याला न दुखावता कशी दाखवायची, मतभेद झाला तर चर्चा पुढे कशी न्यायची, या सगळ्याचा सराव होतो. नव्याने आलेल्यांसाठी आरंभीच वर्ग भरतो. गटाचे प्रकल्प कोणते, ते कशासाठी चालले आहेत आणि त्यात आपला वाटा काय, हे त्यांना तिथे कळते. प्रत्येकाकडे स्वतःचे ठरलेले काम असते आणि ते झाल्याशिवाय दुसऱ्याचे काम पुढे सरकत नाही. सहकारी अध्ययनाच्या सिद्धांतातून आलेले हे तत्त्व आहे. प्राध्यापकाला विचारायला बिचकणारा मुलगा दोन वर्षे पुढच्या ताईला बिनधास्त विचारतो. ते विचारणे इथे कामाचाच भाग मानलेले आहे.

हातांनी करायचे विज्ञान आवाराबाहेरही चालते. सुमारे ४० हजार एकरांचे इंडिओ माउंटन्स संशोधन केंद्र चिवावा वाळवंटात आहे. सरडे, साप, काटेरी झुडपे आणि खडक यांचा अभ्यास तिथे जागेवरच होतो. ज्या वाळवंटात आपण वाढलो, त्यात शोधण्यासारखे इतके काही आहे, हे एल पासोच्या मुलाला तिथे नोंदवही हातात घेऊन उमगते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जीववैद्यकीय संशोधनात नवे विद्यार्थी घडवण्यासाठी देशभरातली दहा केंद्रे निवडली, त्यांत यूटेप होते. त्या योजनेतली मुले उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतही काम करून आली.

या सगळ्यामागे डायना नातालिसिओ यांचा हट्ट होता. १९७१ मध्ये त्या इथे आल्या, भाषाविज्ञान शिकवले आणि १९८८ ते २०१९ अशी तीन दशके अध्यक्षपद सांभाळले. प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला ठेवायचा आणि संशोधनही अव्वल करायचे, हे एकत्र जमणार नाही, असा सार्वत्रिक समज होता. अमेरिकी विद्यापीठांच्या २०१८ च्या कार्नेगी वर्गीकरणात यूटेप सर्वोच्च संशोधन-गटात गेले, तेही प्रवेशाची दारे न आवळता. मला ही गोष्ट कोणत्याही मानांकनापेक्षा मोठी वाटते.

२००६ मध्ये सात संस्थांनी मिळून संगणक शिक्षणासाठी एक आघाडी उभारली आणि एल पासोची ही पद्धत इतर राज्यांतही गेली. विद्यार्थ्यांपैकी किमान चौथा हिस्सा हिस्पॅनिक असलेल्या महाविद्यालयांना अमेरिकी कायद्यात वेगळे स्थान आहे आणि त्यांच्यासाठी सरकारी निधीही होता. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने त्यातले विवेकाधीन अनुदान थांबवले. अशी कात्री लागली तरी प्राध्यापकाचा पगार सहसा चालू राहतो. आधी थांबतात ते विद्यार्थ्याला तासाच्या हिशोबाने मिळणारे पैसे, आणि त्या पैशांवरच हा सगळा डोलारा उभा आहे.