दुसऱ्या वाटेची गोष्ट

पन्नास वर्षांपूर्वी नगरहून मुंबईशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, एवढं सांगायचं आणि फोनपाशी बसून राहायचं. एक्स्चेंजमधली ऑपरेटर चिठ्ठीवर नंबर टिपून घ्यायची, पुढच्या एक्स्चेंजकडे मोकळी लाइन मागायची आणि ती मिळाली की पिन भोकात बसवायची. वाट ठरायची ती चिठ्ठीवर आणि दोघींच्या बोलण्यावर.

1979 साली पुण्यात देशातली पहिली ऑप्टिकल फायबर लाइन टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये सुरू झाली. पुढे औरंगाबादला या काचेच्या तारेचा कारखानाच उभा राहिला. नगर या दोन्ही शहरांच्या मधोमध. 125 मायक्रॉन जाडीच्या तारेतून प्रकाशाचे अनेक रंग, डोळ्यांना न दिसणारे, एकाच वेळी धावू लागले. कुठला रंग कुठे वळवायचा, हे मात्र बराच काळ माणसंच आधी ठरवून ठेवत.

2001 मध्ये एमपीएलएस (मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग) या पद्धतीचा आराखडा आला. माहितीच्या पाकिटावर 20 बिटांचं लेबल लागलं. राउटर पूर्ण पत्ता न वाचता लेबल पाहून पाकीट पुढे धाडू लागला. पण प्रकाशाला लेबल चिकटवणार कुठे? 2004 च्या जीएमपीएलएसने, म्हणजे याच पद्धतीच्या विस्ताराने, उत्तर दिलं: रंग हेच लेबल, ठरलेली वेळ हेच लेबल, प्रसंगी अख्खी तार हेच लेबल. वाटेची मागणी टप्प्याटप्प्याने पुढे जाते आणि परतताना प्रत्येक टप्पा आपलं लेबल कळवतो. ट्रंक ऑपरेटर हेच तर करत होत्या!

2011 मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट झाली. आमचा नगर जिल्हा म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत 14 तालुके, तेराशेहून जास्त ग्रामपंचायती, क्षेत्रफळात राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अशा ठिकाणी गावाकडे एकेरी केबल गेली, की रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीचा एक दात पुरतो. सातबाऱ्याचा उतारा अडतो, दाखला अडतो. मग जॉइंटर येतो, कडेला बसून तार सोलतो, स्पिरिटने पुसतो, टोक सरळ छाटतो, मशीनच्या ठिणगीत दोन टोकं एकजीव करतो. डोक्यावर ऊन, अंगावर धूळ, आणि धुळीचा एक कण आत गेला तर जॉइंट पुन्हा करायचा. या हातांची आठवण ठेवल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही.

2023 मध्ये केंद्राने भारतनेटचा नवा आराखडा मंजूर केला. त्यात रिंग आहे आणि ग्रामपंचायतीपर्यंत एमपीएलएस आहे. एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने जाता यावं, हा त्यामागचा विचार. तो मला मनापासून पटतो, पण एका अटीवर. एकाच चरात टाकलेल्या दोन केबली म्हणजे दोन वाटा नव्हेत. जेसीबी दोन्ही एकदमच उचलतो. वाट बदलणारी यंत्रणा कितीही हुशार असो, दुसरी वाट आधी दुसऱ्या रस्त्याने खणावी लागते.