बंदर सोडून पळणाऱ्या नौका

वादळाचा इशारा आला की दापोलीजवळच्या हर्णैच्या नौका बंदर सोडून पळतात. हे ऐकलं आणि एकदा बघायचंच ठरवलं.

बंदर म्हणायचं, पण समोर उघडा समुद्र. सुवर्णदुर्ग किल्ल्याचा आडोसा साध्या वाऱ्यापुरता. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावरचा धोक्याचा इशारा, लागला की आंजर्ल्याची खाडी गाठायची. ऑक्टोबरअखेर तसाच बावटा लागला आणि एका तांडेलमामांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, मला सोबत घेतलं. जाळी आवरली, नांगर उचलला, निघालो.

खरी परीक्षा खाडीच्या तोंडाशी. तिथं गाळ साचलाय. "दोन तास," मामा म्हणाले. "भरतीच्या आगेमागे दोन तास. तेवढ्यात आत गेलात तर गेलात."

वारा पडलेला होता, पण लाटा आधीच पोचल्या होत्या. लांब, गुळगुळीत, दूरच्या वादळानं पुढे धाडलेल्या. खोल पाण्यात त्या नुसत्या डुलवतात. उथळावर आल्या की उभ्या राहतात आणि फुटतात. नाळेवर विशीतला एक खलाशी बांबूनं पाणी मोजत होता. बांबू खुपसायचा, ओल्या खुणेवर अंगठा ठेवायचा, मागे न बघता ओरडायचं. एकदा बांबू लवकर टेकला. तो ओरडला नाही, नुसता हात वर केला. तळ वाळूला घासला तो मला पायांतून कळला. डिझेलचा काळा धूर, आणि पुढच्या लाटेनंच आम्हाला उचलून आत टाकलं.

अशी पळापळ आता वाढली आहे, कारण वादळंच वाढली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या काळांची तुलना केली. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, त्यांचा मुक्काम ८० टक्क्यांनी. पाणी तापलंय. शिवाय मासेमारीबंदी जून-जुलैची, आणि २००९चं फयान नोव्हेंबरात, २०१९चं क्यार ऑक्टोबरात, २०२१चं तौक्ते मे महिन्यात. म्हणजे ऐन हंगामात. समुद्र तापतो त्याला हर्णैकर काय करणार? गाळ मात्र काढता येतो, आणि ती मागणी जुनीच आहे.

आत नौकेला नौका खेटून उभी. बर्फ वितळत होता, खलाशांच्या जेवणाचा खर्च मालकाच्या अंगावर पडत होता.

"बाहेर कधी पडणार?" मी विचारलं.

"बावटा उतरला की. तेव्हाही तेच दोन तास," मामा म्हणाले आणि मोबाईलवर पुढचा अंदाज उघडला.